पलीकडची बाजू आणि अर्धा आलूगुंडा

आमच्या मैदानावर एका चांगल्या काटाकाटीला एक आलूगुंडा मिळायचा. काटणं म्हणजे बॉल पायाशी ठेवून समोरच्याला चकवणं, आणि आलूगुंडा म्हणजे बटाटेवडा. रायपुरात त्याला हे दांडगं नाव आहे. मैदान भनपुरीत, गोदामांच्या मागे. एका अंगाला कडुलिंब, कडुलिंबाखाली ठेला, ठेल्याभोवती ट्रक ड्रायव्हर, मुलांचे मोठे भाऊ आणि रविवारी सकाळी घरात ज्यांची अडचण होते असे काही बाप. दुसऱ्या अंगाला ट्रक उभे करायच्या आवाराची लांब भिंत, ऊन आणि धूळ. ठेलेवाले भैया फुटबॉलचे अस्सल शौकीन. ठेल्यासमोर कोणी दोघांना काटलं, की ते कढईतला झारा उंच करून ओरडायचे, "ए बाबू, तोर आलूगुंडा पक्का!" आणि खेळ संपल्यावर तो खरोखर द्यायचे, तळलेल्या मिरचीसकट.

त्यामुळे आमचा सगळा खेळ ठेल्याच्या बाजूला व्हायचा. बॉल तिकडे, पोरं तिकडे, भांडणं तिकडे. मधल्या पोराकडे बॉल आला तरी तो न बघता तिकडेच ढकलायचा, कारण तिकडे आमचा सगळ्यात तरबेज काटणारा उभा असायचा. त्या काटणाऱ्याने आयुष्यात कधी पास दिला असेल, तर तो पडता पडता.

आणि भिंतीच्या बाजूला एक मुलगी उभी असायची. एकटी. सातवीतली, दोन वेण्या, पायात भावाचे जुने बूट. तिच्याकडे बॉल क्वचितच यायचा, आणि यायचा तो कोणाच्या चुकीमुळे. मला जास्त झोंबलं ते पुढचं. हाफटाइमला दोन्ही टीम बाजू बदलतात, म्हणजे डावीकडची मुलगी आपोआप ठेल्याकडे यायला हवी. पण आमच्या पोरांनी एक रीत पाडून घेतली होती: एन्ड बदलले की विंगवाले, म्हणजे दोन कडांचे गडीही, आपसात जागा बदलायचे. काटणारा पुन्हा ठेल्यासमोर आणि ती पुन्हा भिंतीकडे. मी विचारलं, हे कोणी ठरवलं? सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. "दीदी, ऐसाच चलता है," मधला म्हणाला.

"ऐसाच चलता है" हे वाक्य माझ्यासमोर म्हणू नये. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे.

हे शब्दशः खरं आहे. माझे बाबा रेल्वेत होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो आणि पत्रकं छापून आली की सगळं घर जमिनीवर बसून घड्या घालायचं. अक्षरं मी त्या गठ्ठ्यांवरूनच शिकले. इतर मुलं "कमळ" आणि "बदक" लिहायची तेव्हा मला "निषेध" लिहिता येत होतं. आजही मी बूढ़ापाऱ्यातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासते, उरलेल्या वेळात लिहिते, आणि माझं साधं बोलणंसुद्धा मथळा देऊन सुरू होतं, असं मैत्रिणी म्हणतात.

भनपुरीत मी आले तीही पत्रकच घेऊन. मैदानावर ट्रक उभे करायला सुरुवात झाली होती, तेव्हा मी "मैदान मुलांचं आहे" असं हिंदीत लिहून, छापून घरोघरी वाटत होते. हा जो मधला पोरगा, त्याने ते पत्रक तिथेच उभं राहून शेवटपर्यंत वाचलं आणि मला म्हणाला, "ठीक है दीदी. ग्राउंड बच गया तो सिखाएगा कौन?" कॉलेजात मी फुटबॉल खेळले होते. ट्रकवाले भले निघाले, भिंतीच्या आत सरकले. आणि मी अडकले.

तर मी पोरांना खेळाची बाजू बदलायला शिकवायचं ठरवलं. गोष्ट सोपी आहे. एका बाजूला खेळलं की समोरची सगळी टीम त्या बाजूला गोळा होते. तेवढ्यात बॉल मागे, मध्ये, आणि तिथून लांब पासने पलीकडे टाकायचा. तिथे आपला एक गडी मोकळा उभा असतो, त्याच्यापुढे अख्खं अंगण. याला स्विच म्हणतात. फुटबॉलमध्ये याच्याइतकी न्यायाची दुसरी गोष्ट नाही, असं माझं ठाम मत होतं आणि आहे.

मी ते मत पोरांना ऐकवलं. उन्हात गोल बसवून सांगितलं, की गर्दी जिकडे आहे तिकडेच बॉल नेत राहणं ही गुलामी आहे, की मैदानाच्या रुंदीवर प्रत्येकाचा हक्क आहे, की जो कडेला उभा आहे त्याच्याशिवाय मधला काहीच नाही. पोरं गवत उपटत होती. मग मी ते सगळं लिहून काढलं, छापखान्यातल्या उरलेल्या गुलाबी कागदावर छापलं आणि पुढच्या रविवारी वाटलं. त्यांनी त्याची विमानं केली. एक विमान फार सुंदर उडालं, मैदान ओलांडून भिंतीकडे गेलं आणि त्या मुलीच्या पायाशी उतरलं. त्या हंगामात पलीकडे गेलेला तो आमचा पहिला लांब पास.

घरी येऊन मी बाबांना ते पत्रक दाखवलं. बाबांनी चष्मा वर केला, वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे तू पोट्ट्यांसाठी लिहिलं काय?"

"हो."

"अन् यात मागण्या किती हाय?"

मी मनात मोजायला लागले. बऱ्याच होत्या.

"पोरी, साहेबाकडे गेलं अन् धा मागण्या ठेवल्या, तर तो सगळ्यात फुकटची एक मंजूर करते अन् चहा पाजते. एका पत्रकात एकच मागणी. मी तुले हे किती वर्ष सांगून राहिलो?"

"मग कोणती ठेवू?"

"ते मले काय माहीत? मी काय फुटबॉल खेळलो?" असं म्हणून बाबांनी त्या पत्रकाची, जुन्या सवयीने, फार नीटनेटकी घडी घातली.

एकच मागणी कोणती, ते पुढच्याच रविवारी कळलं, आणि ते मला आवडलं नाही.

सराव संपल्यावर त्या मुलीची आई स्कूटीवरून आली. सरकारी कार्यालयात नोकरी करणारी, भंडाऱ्याकडची बाई. रायपुरात माझ्याशी कोणी एकदम मराठीत सुरू झालं की मला नेहमी बरं वाटतं. त्या दिवशी नाही वाटलं.

"मॅडम, मी मागचे काही रविवार त्या झाडाखालून बघून राहिली. माझी पोरगी तिथं खांबासारखी उभी राहते."

"ताई, ती उभी राहते म्हणून त्यांचा एक गडी तिच्यापाशी अडकून पडतो. कडेला उभं राहणं हे कामच आहे."

"उभंच राहायचं तर बूट काहून घालाचे? चपलेवर उभी राहीन." मला हसू आलं, पण त्या हसल्या नाहीत. "माझं बोलणं रागानं घेऊ नका. ती घरी येते अन् कोणाशी बोलत नाही. विचारलं तर म्हणते, मजा आया. कशाची मजा? कोणी बॉल देत नाही, कोणी नाव घेत नाही. मले माझ्या पोरीले असं उभं ठेवाचं नाही. रविवारी सकाळी गणिताची शिकवणी हाय, तिथं निदान बाई नाव तरी घेते."

मुलगी मागे स्कूटीवर बसली होती. तिने फक्त, "मम्मी, वो मैच तक तो रहने दो ना," असं म्हटलं. आई मराठीत बोलली, तिने हिंदीत उत्तर दिलं. आमच्याकडच्या बहुतेक घरांत हे असंच चालतं.

मॅच पुरानी बस्तीच्या टीमशी होती, महिनाभरावर. आईने श्वास सोडला. "ठीक हाय. मॅचले मी येते. तिथं जर ती खेळताना दिसली, तर दिसली. नाहीतर मंग शिकवणी."

स्कूटी गेली. मला राग आला, आणि राग कोणावर काढावा ते कळेना, कारण त्या बाईचं म्हणणं बरोबर होतं. एक मुलगी नाहीशी होणार होती, आणि तिला नाहीसं करणारा कोणी दुष्ट माणूस नव्हता. एक ठेला होता, एक झारा होता आणि एक आलूगुंडा.

मी सरळ ठेल्यावर गेले.

"भैया, तुमचा आलूगुंडा बंद करा."

ठेल्यावरच्या सगळ्या ड्रायव्हरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी डिझेल बंद करा म्हणाले.

"का हो गे दीदी?" भैया घाबरले. "खराब है क्या? आज का तेल तो ताजा है."

मी त्यांना सगळं सांगितलं. मुलगी, भिंत, आई, शिकवणी. बोलता बोलता माझं भाषण झालंच, त्यात शोषण हा शब्दही आला असावा. भैया झारा हातात धरून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "मतलब मैं काटने वाले को देता हूँ, तो लइका मन काटते हैं." लइका मन म्हणजे पोरं.

"हो."

"तो उधर भेजने वाले को दूँगा, तो उधर भेजेंगे?"

माझ्या अख्ख्या गुलाबी पत्रकात हे नव्हतं.

"हव," मी त्यांच्याच बोलीत होकार दिला.

पुढच्या रविवारी भैयांनी स्टुलावर चढून नवा नियम जाहीर केला: काटण्याला काही नाही, जो बॉल पलीकडे भिंतीच्या बाजूला टाकेल त्याला आलूगुंडा. काटणाऱ्याचा चेहरा उतरला. "भैया, ये तो नाइंसाफी है," तो म्हणाला. "रोज खाता था, पेट को आराम दे," मधला म्हणाला.

आणि मग जे झालं ते फुटबॉल नव्हतं. ज्याच्या पायाशी बॉल येईल तो डोळे मिटून भिंतीकडे लाथाडायचा. मुलगी इकडे असो, तिकडे असो, बॉल भिंतीच्या दिशेने गेला की लाथाडणारा ठेल्याकडे वळून दोन्ही हात वर करायचा. बॉल भिंतीवर आदळले, भिंतीवरून गेले. एक बॉल भिंतीपलीकडे उभ्या ट्रकच्या हौद्यात, ताडपत्रीवर जाऊन बसला आणि ट्रक सुरू झाला. आमची सगळी टीम, गोलकीपरसकट, मैदान सोडून ट्रकच्या मागे. ड्रायव्हरने फाटकापाशी ब्रेक लावला आणि खिडकीतून डोकं काढून विचारलं, "बिलासपुर तक खेलोगे क्या?"

बॉल परत आणला तो त्या मुलीने. ती सगळ्यात पुढे धावली होती. मी ते बघितलं. एवढं धावू शकणारी मुलगी आम्ही खांब करून ठेवली होती.

ठेल्यावर बैठक बसली. भैया म्हणाले, असं चाललं तर दीदी, माझा धंदा बुडेल आणि तुमचा बॉल. काटणारा म्हणाला, आधीचंच बरं होतं. तेव्हा मुलगीच बोलली, हळू, बुटाची नाडी बांधता बांधता. "पास तो दो लोग का होता है ना. फेंकने वाले का अकेले का थोड़ी है."

भैयांनी तिच्याकडे बघितलं, मग कढईकडे. एक आलूगुंडा उचलला आणि मधोमध तोडला. वाफ निघाली.

नियम पक्का झाला. बॉल पलीकडच्या गड्याच्या पायाशी पोचला आणि तिथे थांबला, तरच आलूगुंडा. आणि तो अर्धा टाकणाऱ्याचा, अर्धा घेणाऱ्याचा.

त्यानंतरच्या रविवारच्या सकाळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात आनंदाच्या होत्या. आवारातून आम्ही ट्रकचे गुळगुळीत झालेले जुने टायर मागून आणले आणि दोन्ही कडांना आडवे टाकले. लांब पास टायरच्या आत पडला पाहिजे. आधी उंच, मग जमिनीवरून, मग मध्ये एक गडी आडवा उभा करून. पोरांना पहिल्यांदा कळलं की बुटाच्या टोकाने मारलेला बॉल फिरत जातो आणि आतल्या बाजूने मारलेला सरळ जातो, आणि मारताना दुसरा पाय कुठे आहे याने फरक पडतो. काटणाऱ्याला मी सांगितलं, तू काट, भरपूर काट, दोघांना तिघांना ओढून घे. पण ते तुझ्याभोवती जमले की मागे दे, कारण तुझं काम झालं. त्याने विचारलं, "मतलब मैं चारा हूँ?" मी म्हणाले, "हव." त्याला ते का कोण जाणे, फार आवडलं.

खरं काम मधल्याचं होतं. तो बॉल घ्यायचा तेव्हा तोंड ठेल्याकडे आणि पाठ भिंतीकडे. बॉल येण्याआधी मान वळवून मागे बघायचं आणि खांदे उघडे ठेवायचे, म्हणजे दोन्ही बाजू दिसतात, हे सांगून सांगून माझा घसा बसला. शेवटी मी भैयांकडून भाजीची टोपली उसनी आणली आणि त्याच्या पाठीमागे उभी राहिले. समोरून बॉल यायचा. त्याने आधी मागे बघून सांगायचं माझ्या हातात काय आहे.

"मिर्ची!"

"शाबास."

"टमाटर!"

"शाबास."

"आलू... नहीं दीदी, वो तो आपका मुट्ठी है."

"मूठच आहे. बघितलंस म्हणून दिसली."

हळूहळू मान आपोआप फिरायला लागली. आणि भिंतीकडची मुलगी रेषेवर पाय ठेवून उभी राहायला लागली, वाट बघत. आधीही ती उभीच असायची, पण आता तिचे गुडघे किंचित वाकलेले असायचे. पहिला अर्धा आलूगुंडा तिला मिळाला त्या दिवशी ती तो खात उभी राहिली नाही. पिशवीत ठेवला. घरी आईला दाखवायला नेला असणार. आईने काय म्हटलं ते मला कळलं नाही. शिकवणीचं दप्तर तयार होतं, एवढं मात्र मधल्याने मला सांगितलं. तो त्यांच्याच गल्लीतला.

मॅचच्या दिवशी पुरानी बस्तीची टीम छोट्या हत्तीत, म्हणजे मागे हौदा असलेल्या चारचाकी टेम्पोत, उभी राहून गाणी म्हणत आली. सगळ्यांची जर्सी एकसारखी. आमच्यात निळ्या रंगाच्या इतक्या छटा होत्या की रेफरीने विचारलं, दोन टीम आहेत का? ठेल्यासमोर आजवर कधी नव्हती एवढी गर्दी. मुलीची आई आली. तिला कोणीतरी प्लास्टिकची खुर्ची दिली, सावलीत, सगळ्यात पुढे.

आणि पहिल्या हाफमध्ये आमची पोरं सगळं विसरली. एवढी माणसं, एवढ्या टाळ्या. भैयांचा झारा खाली होता, पण बाकी शंभर झारे वर होते. काटणारा काटत सुटला. एकाला काटलं, हुर्रे. दुसऱ्याला काटलं, हुर्रे. तिसऱ्याने बॉल काढून घेतला, आणि पुरानी बस्तीची सगळी जर्सी आमच्या गोलकडे धावली. एक गोल चढला. मधल्याने एकदाही मान वळवली नाही. भिंतीकडे ती मुलगी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती, आणि खुर्चीत तिची आई हातातली पर्स उघडत होती, मिटत होती. मी ठेल्याच्या बाजूला रेषेवर उभी होते. आईने माझ्याकडे बघितलं नाही, हे मला बघितल्यापेक्षा जास्त लागलं.

हाफटाइमला मी पोरांना गोल उभं केलं. अंगात आग होती. "आज आपण काय केलं माहिती आहे? आपण आपल्याच माणसाला..."

"दीदी," मधला घामाने निथळत म्हणाला, "भाषण मत दो. टाइम कम है."

बरोबर होतं. मी भाषण गिळलं आणि निर्णय दिला. "विंग बदलायचे नाहीत. एन्ड बदलले, की ती आपोआप ठेल्याकडे येते. येऊ दे. काटणारा भिंतीकडे जाईल." मला वाटलं, हाच न्याय. आईच्या डोळ्यांसमोर, सावलीत, सगळ्या गर्दीपुढे ती खेळेल. काटणाऱ्याने मान खाली घातली.

"नहीं दीदी," मुलगी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. एवढ्या मोठ्याने ती आमच्यात कधी बोलली नव्हती.

"मुझे दीवार तरफ ही रहने दो."

"अगं, आई इकडे बसली आहे. तिला दिसायला नको?"

"इधर सब लोग हैं. उधर कोई नहीं है. उधर जगह है." तिने हाताच्या पाठीने नाक पुसलं, आणि मग मधल्याकडे बघून म्हणाली, "बस, बॉल भेज."

मागणी एकच होती. बाबा तिथे असते तर त्यांनी चष्मा वर केला असता.

दुसरा हाफ सुरू झाला. ती पळत पळत भिंतीकडे गेली. आणि तेवढ्यात मी बघितलं, तिची आई उठली. खुर्ची उचलली, डोक्यावरून ओढणी घेतली आणि मैदानाच्या कडेकडेने, गोलपोस्टच्या मागून, ती खुर्ची घेऊन निघाली. भिंतीकडे, उन्हात, धुळीत जाऊन बसली. अख्ख्या गर्दीतला तिकडे गेलेला एकच प्रेक्षक.

"भेज!" असा आवाज भिंतीकडून आला. मधल्याची मान फिरली. त्याने लांब पास मारला आणि तो तिच्या डोक्यावरून बाहेर गेला. ठेल्यावर सगळे हसले. "पुन्हा!" मी ओरडले. पुढचा तिच्या पायाशी आला, पण तिच्या बुटावरून निसटून बाहेर गेला. "कोई बात नहीं, भेज!" तिने स्वतःच ओरडून सांगितलं.

मग काटणारा ठेल्यासमोर घुसला. त्याने एकाला काटलं. दुसरा आला, तिसरा आला, सगळी पुरानी बस्ती सावलीत गोळा झाली. आणि तिथे, टाळ्या चालू असताना, त्याने टाचेने बॉल मागे दिला. मला वाटतं त्याच्या आयुष्यातला उभ्याने दिलेला तो पहिला पास. मधल्याने बॉल येण्याआधीच बघून ठेवलं होतं. खांदे उघडे, डावा पाय बॉलच्या शेजारी, आणि बुटाच्या आतल्या बाजूने मारलेला तो पास अख्खं मैदान कापत गेला, सरळ, जमिनीपासून जरा वर, धूळ न उडवता.

तिने तो पुढे घेतला. थांबवला नाही, पुढे घेतला. समोर कोणी नव्हतं, आणि ती धावली, ट्रकच्या मागे धावली होती तशी. आईची खुर्ची मागे पडली. आई उभी राहिली. "चाल, चाल, चाल, माय!" एवढंच ऐकू येत होतं. पुरानी बस्तीची सगळी पोरं सावली सोडून तिच्याकडे पळत सुटली. मी मनात म्हणत होते, मार, आता मार, गोल तुझा. तिने डोकं वर केलं. सगळे तिच्याकडे येत होते, म्हणजे ठेल्याची बाजू रिकामी झाली होती. तिने बॉल परत पलीकडे टाकला.

तिथे काटणारा एकटा होता. त्याला कोणाला काटायची गरजच पडली नाही.

गोल झाल्यावर तो सरळ ठेल्यावर धावत गेला. "भैया, मेरा आधा!" "आधा काहे का?" भैया म्हणाले, "तीन झन हो. तिहाई मिलही."

आम्ही जिंकलो नाही, बरोबरी झाली. शेवटाकडे तिला अजून एकदा बॉल मिळाला. या वेळी तिने स्वतः मारला, आणि तो गोलच्या वरून, भिंतीच्या वरून ट्रकांत गेला. तिच्याइतकं मोकळं हसणारं त्या दिवशी मैदानावर कोणी नव्हतं.

सगळं आटोपल्यावर आई खुर्ची घेऊन माझ्याकडे आली. चेहरा लाल, भुवयांवर धूळ. मी काहीतरी बोलणार होते. कडेला उभं राहण्याबद्दल माझ्याकडे अजून बरंच शिल्लक होतं.

"मॅडम, पाण्याच्या बाटल्या सगळ्या ठेल्याकडे काहून ठेवता तुम्ही?"

"ते... तिकडे सावली आहे ना."

"तिकडे भिंतीपाशी एक थेंब नाही. पोरगी एवढी धावते, पाणी प्याले अख्खं मैदान ओलांडून जाते, अन् पुन्हा येते. मले बसल्या बसल्या तहान लागली. पुढच्या रविवारपासून एक बाटली भिंतीकडे पायजे."

"पुढच्या रविवारी..." मी म्हणाले.

"मंग? ती तिथंच खेळन ना?"

मुलगी आपला तिसरा हिस्सा, तो तिहाई आलूगुंडा, दोन बोटांत धरून स्कूटीवर बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. आईला म्हणाली, "मम्मी, चलो ना, भूख लगी है," आणि दोघी धुळीतून निघून गेल्या.

घरी बाबा दारातच होते. "जिंकले काय?"

"बरोबरी."

"अन् मागणी?"

"मंजूर झाली. पण एक नवी आली."

बाबांचे डोळे चमकले. त्यांनी आपोआप खिशातला पेन चाचपला. "सांग."

"भिंतीकडे पाणी पाहिजे."

बाबांनी पेन परत ठेवला. "त्याले पत्रक कशाले लागते?" ते म्हणाले, आणि फळीवरची जुनी रेल्वेतली पाण्याची मोठी बाटली काढून, राखेने घासून, उन्हात पालथी घातली.